पुढं आखूड, मागं लांब

आमच्या कॉलनीत दत्तराव गडद्यांना आडनावानं कोणी ओळखत नसे. पोलीस खात्याच्या शस्त्रागारात त्यांची सगळी नोकरी गेली. पद आर्मोरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. निवृत्त होऊन हिंगोलीत घर बांधलं तेव्हा दारावर पाटी लावली ती ‘दत्तराव आर्मोरर’ अशीच. ती वाचून दूधवाल्यानं त्यांना ‘आरमोरे सायेब’ केलं, त्याचं ऐकून गॅसवाल्यानं केलं, आणि एका लग्नपत्रिकेवर तर ‘श्री. व सौ. आरमोरे’ असं छापूनच आलं. दुसरा माणूस चिडला असता. यांनी ती पत्रिका कपाटाच्या काचेला आतून चिकटवली. मूळ साखरा गावच्या मेंढपाळाच्या घरात जन्मलेला हा माणूस हुद्द्याचंच आडनाव करून बसला होता आणि त्यात सुखी होता.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला जमलेल्या लोकांत प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी चारचौघांत झापलेलं होतं. तरी लोक आले, आणि उन्हात बराच वेळ बसले. का बसले, ते सांगायचं तर बशीरचाचांची गोष्ट सांगावी लागेल. पण आधी माणूस.

आमची त्यांची भिंत एक. पुढच्या खोलीत त्यांनी रीतसर परवाना काढून बंदूक दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं. गिऱ्हाईक म्हणजे बँकेचे राखणदार आणि पिकांच्या राखणीसाठी वाडवडलांपासून बंदूक बाळगणारे शेतकरी. तेही रोज थोडेच येणार? मग उरलेल्या वेळात दत्तराव कॉलनीतले स्क्रू आवळत. कोणाचं फाटक कुरकुरलं की पान्हा घेऊन हजर. बोलावण्याची वाट पाहणं त्यांना माहीत नव्हतं. आमच्या कुकरचा दांडा जरासा हलत होता. तो त्यांनी असा आवळला की आटेच गेले. नवा कुकर आणावा लागला. तर मलाच म्हणाले, “बाई, कुकर हलका हाय तुमचा. माझं आवळणं त्याला सोसलं न्हाई.” चूक कुकरची. नळाची चकती तुटली तर चूक नळाची. त्यांच्या हातून आयुष्यात काहीच बिघडलं नव्हतं. जग मात्र फार हलक्या प्रतीचं बनवलेलं होतं, आणि त्याला त्यांचा इलाज नव्हता.

एकदा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना दुर्बुद्धी झाली आणि त्यांनी सव्वीस जानेवारीला दत्तरावांना पाहुणे म्हणून बोलावलं. पोरांना वाटलं, बंदूकवाले साहेब लढाईच्या गोष्टी सांगणार. साहेबांनी खिशातून एक स्क्रू काढला. “लेकरांनो, देशप्रेम म्हंजे काय? एक बी स्क्रू ढिला न ठेवणं.” इथपर्यंत ठीक होतं. पुढं आटे म्हणजे काय, आट्यांत तेल का नसावं, पोलाद पोलादाला कसं धरतं, हे ऐकता ऐकता पहिलीची पोरं एकमेकांच्या अंगावर कलंडली. मुख्याध्यापक खुर्चीतच पेंगले. जिलेबीचा सुवास मैदानभर पसरलेला, आणि हे सांगताहेत, “आता मागच्या भोकाकडं येऊ.” शेवटी शिपायानं न विचारताच ‘भारतमाता की जय’ केलं आणि पोरं पळाली. दत्तराव घरी येऊन इंदूताईंना म्हणाले, “शिपाई सोडला तर शाळंला शिस्त न्हाई.”

इंदूताई त्यांच्या बायको. बोलायला दिवसातून फारशी संधी मिळत नसे, म्हणून मिळेल तेव्हा नेमकं बोलत. आयुष्यभर बंदुकांत राहिलेल्या या माणसानं कधी कुठल्या जिवावर गोळी झाडली नव्हती. स्वयंपाकघरात उंदीर निघाला की साहेब पलंगावर पाय घेऊन बसत आणि इंदूताई झाडू घेत. “बंदुकीचे डॉक्टर हायेत हे,” त्या मला म्हणायच्या. “डॉक्टर कुठं कोणाला मारतो? निदान मुद्दाम तर न्हाई.”

पण दत्तरावांचा खरा धर्म म्हणजे बंदुकीवर दुर्बीण बसवणं. दुर्बीण म्हटलेलं त्यांना चालत नसे, ‘स्कोप’ म्हणायचं. तो स्कोप बंदुकीवर नुसता बांधायचा नसतो, हे मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलंय की चौथीच्या वर्गाला शिकवू शकेन. नळीच्या मागं, जिथं गोळी बसते आणि जिथला खटका मागंपुढं सरकतो, ते बंदुकीचं पोलादी धड, म्हणजे ॲक्शन. त्या धडाच्या पाठीवर एक पट्टी बसवतात, तिला बेस म्हणायचं. बेसवर दोन कडी, कड्यांत दुर्बीण. एवढा सगळा भार चार स्क्रूंवर, आणि स्क्रू हरभऱ्यापेक्षा लहान. पट्टी केसभर हलली तर लांबवरची गोळी कुठल्या कुठं जाते. पुढच्या दोन भोकांच्या खाली गोळीची जागा असते, म्हणून ती भोकं उथळ ठेवायची, आरपार पाडायची नाहीत. मागची खोल. म्हणून पुढं आखूड स्क्रू आणि मागं लांब.

“पुढं आखूड, मागं लांब!” हा त्यांचा मंत्र होता. गिऱ्हाइकाकडून तो म्हणून घेत. एकदा सेनगावचा एक तरुण ठेकेदार, काळा चष्मा डोक्यावर चढवलेला, छऱ्याची बंदूक घेऊन आला. तिच्यावरची दुर्बीण डिंकासारख्या कसल्यातरी लगद्यानं चिकटवलेली.

“काका, जरा सरळ करून द्या. जीप उभी हाय.”

दत्तरावांनी बंदूक हातात घेतली, आणि मयताचं तोंड पाहावं तशी पाहिली. “ह्ये काय हाय?”

“चिकटवली. लई पक्की हाय.”

“तुझ्या बहिणीचं लग्न असंच चिकटवून करशील काय रे?” आवाज रस्त्यापर्यंत. पानटपरीवरचे लोक उठून आले. मग पोराला त्या लोकांसमोर तासभर धडा. आधी भोकांची आंघोळ, म्हणजे तेलाचा अंशही ठेवायचा नाही. “देवाला निवद दाखवताना त्यालकट हात लावतो का? मंग हितं काहून लावतो?” मग स्क्रू धरून ठेवणारं निळं औषध, तेही थेंबभर. मग आळीपाळीनं आवळणं. पोरगं घामाघूम झालं. शेवटी त्याला सगळ्यांसमोर ‘पुढं आखूड, मागं लांब’ म्हणायला लावलं, तेव्हा बंदूक परत मिळाली. टपरीवर त्या पोराचं नाव ‘आखूड’ पडलं ते पडलंच. नंतर तो त्या रस्त्यानं यायचाच बंद झाला. दत्तरावांना हा आपला विजय वाटला.

आता बशीरचाचा.

बशीरचाचा पठाण डोंगरकडा गावचे, केळीचे बागायतदार. त्यांचे वडील मेंढ्यांचे व्यापारी होते आणि खरेदीला साखऱ्याला गडद्यांच्या वाड्यावर उतरत. दोघं पोरं तिथं मेंढरांत एकत्र लोळलेली. पुढं एक बंदुका दुरुस्त करायला लागला, दुसऱ्याकडं वडिलांची परवान्याची रायफल आली. रानडुकरांनी पिकांची नासाडी मांडली की वनखात्याची परवानगी काढून गावं बशीरचाचांना बोलावत. चाचा फुकट येत. मटण-भाकरी आणि “चाचा, तुमी आले म्हणून वाचलो,” एवढं ऐकलं की त्यांचं भागे. उंच, दाढी पांढरी, आणि हात असा स्थिर की कपातल्या चहावर तरंग उठत नसे. त्यांचा सारा मान त्या हातात होता.

वयानं नळीवरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, अंधुक दिसू लागली, तेव्हा त्यांच्या मुलानं हैदराबादहून स्कोप आणून दिला. चाचा तो घेऊन सरळ दत्तरावांकडं आले. दुसरीकडं जायचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी दुकानात सभाच भरली. आमचे हे होते, सेनगावकडचा एक वनरक्षक होता, टपरीवरचे दोघंतिघं होते. मी इंदूताईंसोबत चहा घेऊन गेले तेव्हा भोकं पाडून झाली होती, आटे पाडून झाले होते, आंघोळ झाली होती, आणि दत्तरावांचं प्रवचन अगदी रंगात आलं होतं. रायफल लाकडी पकडीत धरलेली, वाटीत चार स्क्रू. वनरक्षक नवा होता, बिचारा मनापासून ऐकत होता. नवा श्रोता मिळाल्यावर दत्तरावांचं तोंड हाताच्या पुढं धावे. ते त्याच्याकडं पाहत बोलत होते, पेचकस हवेत फिरवत होते, हैदराबादचे कारागीर कसे गाढव आहेत ते सांगत होते, आणि मध्येच वाटीत बोटं घालून स्क्रू लावत होते.

“पुढं?” त्यांनी वनरक्षकाला विचारलं.

“आखूड.”

“मागं?”

“लांब.”

“शाब्बास!”

सगळं बसवून झाल्यावर त्यांनी नुसत्या दुर्बिणीला धरून आख्खी रायफल उचलली आणि घंटेसारखी हलवली. चाचांनी झेलायला दोन्ही हात खाली धरले.

“बघ बशीर. तू हलशील, मी हलंन, ह्यो बेस हलायचा न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मुरमाच्या खाणीत कागदावर दोन गोळ्या झाडून पाहिल्या. दोन्ही बराबर लागल्या. काडतुसं मोजकी मिळतात, म्हणून तेवढ्यावर भागवलं.

तुरीला शेंगा धरल्या आणि साखऱ्यात डुकरांचा कळप उतरला. दत्तरावांचे थोरले भाऊ मारोतराव यांच्याच शेतात. चाचांना निरोप गेला. पुढचं मला दत्तरावांच्या भावजयीनं, शेवंतावहिनींनी सांगितलं, कारण त्या तिथं होत्या, आणि नको तितक्या जवळ होत्या.

दिवस मावळायला टेकला होता. चाचा राखणीच्या माळ्यावर बसलेले, खाली मारोतराव आणि गावची चार माणसं. दत्तरावही होते, आपला बेस काम करताना बघायला. धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, एक मोठं डुक्कर तुरीतून बाहेर आलं आणि उभं राहिलं. चाचांनी नेम धरला. घाई केली नाही. गोळी सुटली. डुक्कर होतं तिथंच क्षणभर राहिलं आणि मग पळालं. आणि धुऱ्याच्या बाजूच्या तुरीतून मेंढा ओरडल्याचा आवाज आला.

मारोतरावांचा जातिवंत मेंढा, बाभळीला बांधलेला. तो दोर तोडून तुरीत शिरला होता हे कोणाला ठाऊक नव्हतं. फक्त शेवंतावहिनींना कळलं होतं, आणि त्या दोर हातात घेऊन त्याच्यामागं तुरीत शिरल्या होत्या. “माझ्या म्होरं पडला वो बाई तो,” त्या मला म्हणाल्या. “मी हात लांब केला असता तर शिंगाला लागला असता. त्याच्या अंगातली धग माझ्या पायाला लागली.” मग म्हणाल्या, “पण त्या दिशी मेंढ्यापरीस जास्ती कोणी मेलं असंल तर बशीरभाई.”

कारण गाव देवळाच्या पारावर जमलं, चाचा रायफल घेऊन मान खाली घालून उभे, आणि दत्तरावांनी तोंड उघडलं. ते बोलले नसते तर गाव कदाचित नुसतं हळहळून गप्प झालं असतं. पण बेसवर शंका येणार हे दिसताच साहेबांना राहवेना.

“बेसचा काही संबंध न्हाई! ह्यो मी बसवलेला बेस हाय. हात हलला. वय झालं की हात हलतो, त्यात लाज कसली? बशीर, आता बंदूक ठिव अन् काठी धर.”

लोक हसले. घाबरलेली माणसं लवकर हसतात. चाचांनी एकदा दत्तरावांकडं पाहिलं. “असंल बाबा,” एवढंच म्हणाले. आठवड्याच्या आत त्यांनी दुसरा मेंढा आणून मारोतरावांच्या दारात बांधला, चहा न घेता गेले, आणि पुन्हा साखऱ्याला आले नाहीत. इतर गावांनीही बोलावणं बंद केलं. कोण बोलावणार? शेवंतावहिनी थोडक्यात वाचल्या, ही बातमी तालुकाभर फिरली होती.

आणि दत्तराव? ते दुकानात बसून ती गोष्ट सांगत. नुसती सांगत नव्हते, करून दाखवत. काठीची रायफल धरायची, हात लटलट कापवायचा, एक डोळा मिटायचा, आणि “धाड!” म्हणायचं. टपरीवाले खदखदून हसत. मला ते आवडत नसे. भिंतीपलीकडून ते “धाड” ऐकलं की मी रेडिओ लावे.

“लहानपणचा दोस्त हाय तुमचा,” इंदूताई म्हणाल्या.

“दोस्ती येगळी, स्क्रू येगळा.”

सगळा हिवाळा हे चाललं. होळी झाली, ऊन तापलं. एका दुपारी बशीरचाचा आले. किती वाळले होते! मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. स्वतः चालवणं त्यांनी सोडलं होतं. म्हणाले, “दत्ता, दुर्बीण काढून दे. पोराला शौक न्हाई. बंदूक ठाण्यात जमा करून टाकतो, परवाना रद्द करून घेतो. आपल्या हातून काय होईल त्याचा भरवसा न्हाई राहिला.”

“शहाणा झालास,” दत्तराव म्हणाले. असं म्हणाले ते. मी ऐकलं.

चाचा रायफल ठेवून, मुलासोबत डोंगरकड्याला परत गेले. चार दिवसांनी नेणार होते. दत्तराव जेवण करून कामाला बसले. मग भिंतीपलीकडून आवाजच येईना. ठोकणं नाही, बडबड नाही, कोणाला झापणं नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी इंदूताई आमच्या मागच्या दारी आल्या.

“बाई, ह्यांचं काहीतरी बिघडलंय. जेवत न्हाईत. दूधवाल्यानं पाणी घातलं दुधात, तरी वरडले न्हाईत.”

हे ऐकून आमचे हेसुद्धा उठून उभे राहिले. दूधवाल्यावर न ओरडणारे दत्तराव म्हणजे दवाखान्यात न्यायची बाब होती.

आम्ही गेलो. साहेब रायफलीसमोर बसले होते. पट्टी बाजूला काढलेली, आणि वाटीऐवजी पांढऱ्या रुमालावर चार स्क्रू मांडलेले. दोन इकडं, दोन तिकडं.

“बाई,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “चौथीच्या लेकराला बी दिसंल. बघा.”

मी पाहिलं. पुढच्या भोकांतून निघालेले दोन स्क्रू लांब होते. मागचे दोन आखूड.

ते हळू आवाजात सांगत गेले. लांब स्क्रू उथळ भोकात गेला की तळाला टेकतो. पेचकसाला वाटतं, आवळला. आवळलेला असतोच, पण तळाला. पट्टी धरलेलीच नसते. आणि मागं आखूड स्क्रू कसाबसा दोन आट्यांत अडकतो. निळ्या औषधाच्या जोरावर त्यानं खाणीतल्या दोन गोळ्या सोसल्या. नंतर साखऱ्याच्या वाटेवर जीपचे हादरे, मग तिसरी गोळी. पट्टी कधी फिरली ते कोणाला कळणार? दुसऱ्या कोणाचा हात बंदुकीला लागलेला नव्हता. ते औषध त्या दिवसापासून जसंच्या तसं स्क्रूवर वाळलेलं होतं.

“मी तवा बोलत व्हतो,” दत्तराव म्हणाले. “त्या वनरक्षकासंगं बोलत व्हतो.”

खोलीत आम्ही चौघंच. त्या चार स्क्रूंबद्दल पाचव्या माणसाला कळायचं काही कारण नव्हतं. रायफल ठाण्यात जाणार होती, दुर्बीण पेटीत. साहेबांनी ते स्क्रू नाल्यात टाकले असते तर त्यांचा ‘धाड’ आणखी दहा वर्षं चालला असता. खरं सांगते, मला वाटलं होतं की ते तसंच करतील. माझं त्यांच्याबद्दलचं मत तेवढंच होतं.

ते आमच्या ह्यांना म्हणाले, “उद्या गाडी काढता का? डोंगरकड्याला जायचंय.”

इंदूताई म्हणाल्या, “मी येते. तुमी एकटे गेलात तर तिथं जाऊन त्यालाच झापाल.”

गाडीत दत्तराव पुढं बसले, शर्टाच्या खिशात स्क्रूंची पुडी, मांडीवर पट्टी फडक्यात गुंडाळलेली. कळमनुरी येईपर्यंत त्यांनी पुडी चारदा चाचपली. चाचा ओट्यावर बसले होते. आम्हाला पाहून उठले, पोरीला पाणी आणायला सांगितलं. दत्तराव टेकलेसुद्धा नाहीत. त्यांनी फडकं सोडलं, पट्टी चाचांच्या पुढ्यात ठेवली आणि सुरू केलं. “हे बघ बशीर. ॲक्शनची पुढची भोकं उथळ असतात. का? तर त्यांच्या खाली...”

मी कपाळाला हात लावला. हा माणूस माफी मागायला येऊन धडा शिकवत होता! आंघोळीपासून सगळं. निळं औषधसुद्धा सोडलं नाही. चाचा शांतपणे ऐकत होते. शेवटी साहेब स्क्रूंवर आले, पुडी उघडली, लांब स्क्रू पुढच्या भोकावर धरला आणि म्हणाले, “ह्यो हितं लागला. अदलाबदल झाली.”

चाचांनी तो स्क्रू चिमटीत घेतला. बराच वेळ पाहिला.

“म्हणजे माझा हात?”

“हात बराबर हाय तुझा.”

“हलला न्हाई?”

“न्हाई.”

चाचांनी उजवा हात स्वतःसमोर लांब धरला, बोटं पसरली. हात कापत होता. आता खरंच कापत होता.

“दत्ता,” ते म्हणाले, “सगळा हिवाळा मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून राहिलो. नमाजला हात बांधले की बघायचो, हलतो का. डॉक्टर बोलले, काही न्हाई तुम्हाला. मी म्हणलं, डॉक्टरला काय कळतंय, आमचा दत्ता बोललाय.”

दत्तराव उघडी पुडी पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिले.

इंदूताई म्हणाल्या, “भाईजान, दोन थोबाडीत द्या ह्यांच्या. मी बघणार न्हाई.”

“थोबाडीत न्हाई द्यायची भाभी.” चाचा उठले, टोपी घातली. “साखऱ्याला चला. जिथं पयलं बोलला तिथंच बोलायचं. जेवढ्या जोरात बोलला तेवढ्याच जोरात.”

दत्तरावांचा चेहरा उतरला. चाचांपुढं चूक सांगणं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पार त्यांच्या हिशेबात नव्हता. पण गाडीत बसले.

साखऱ्यात बातमी आमच्या आधी पोचली की काय, पारावर माणूस मावेना. मारोतराव आले, शेवंतावहिनी कडेला बायकांत उभ्या राहिल्या. दत्तराव पारावर चढले, घसा साफ केला. “मंडळी, दुर्बिणीचा बेस म्हंजे काय, ते आधी समजून घ्या.”

चाचांनी डोळे मिटून घेतले.

पुन्हा सगळं. उथळ भोक, खोल भोक. लोक एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, “सायेब, मोटारीचं काही हाय का हे?” साहेबांनी त्याला गप्प केलं. घाम पुसत पुसत ते आपल्या चुकीभोवती घिरट्या घालत होते आणि उतरायला जागा सापडत नव्हती. “स्क्रू लांब व्हता,” म्हणाले. “तळाला टेकला,” म्हणाले. “अदलाबदल झाली,” म्हणाले. सगळं आपोआप झालेलं. जणू स्क्रू रात्री वाटीतून उठून स्वतःच्या पायानं चुकीच्या घरी गेले होते.

शेवटी शेवंतावहिनी पुढं आल्या. पदर खोचला.

“दत्ता भाऊजी, मी अडाणी बाई. माझ्या म्होरं मेंढा पडला, तेवढं मला म्हाईत हाय. एकच सांगा. चूक कोणाची? बशीरभाईची, स्क्रूची, का तुमची?”

दत्तरावांनी स्क्रूकडं पाहिलं. खरंच पाहिलं, मला वाटलं आता कुकरसारखा त्यालाच बोल लावतात.

“स्क्रू मी लावला व्हता,” ते म्हणाले.

“मंग मराठीत बोला तसं.”

“चूक माझी हाय.”

“बशीरभाईला ऐकू न्हाई आलं.”

“चूक माझी हाय!” दत्तराव इतक्या जोरानं ओरडले की पिंपळावरचे कावळे उठले. “वहिनी, तुमाला काही झालं असतं तर...” ते पारावरच खाली बसले आणि तोंडावर रुमाल धरला. त्यांचे थोरले भाऊ मारोतराव त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाचांनी मिठी मारली वगैरे काही नाही. ते शेवंतावहिनींकडं वळून म्हणाले, “भाभी, चहा टाका. मागच्या वेळी राहून गेला.”

त्यानंतर दत्तराव सुधारले असं सांगितलं तर ते वरून येऊन मला झापतील. दूधवाल्यावर दुसऱ्या दिवसापासून ओरडणं सुरू झालं. एवढंच झालं की दर स्क्रूला गिऱ्हाइकाच्या हातात मोजपट्टी देऊन “मोजून घे, माझ्यावर भरवसा ठिवू नको” म्हणू लागले, आणि त्याचाही त्यांना गर्व झाला. चाचांचा बेस त्यांनी पुन्हा बसवला, दुकानाचं दार आतून लावून, एकाही माणसाला आत न घेता. पुढच्या हंगामात साखऱ्यानं चाचांना पुन्हा बोलावलं.

मी दत्तरावांना शेवटचं नीट पाहिलं ते डोंगरकड्यात. ते जायच्या थोडं आधी. पुतणीच्या लग्नाला केळीचे घड हवे होते, म्हणून आम्ही चाचांकडं गेलो. बागेच्या तोंडाशी दोन व्यापारी ट्रकची वाट पाहत बसलेले, आणि चाचा त्यांना मेंढ्याची गोष्ट सांगत होते. रंगून सांगत होते. त्यांच्या तोंडी मेंढा वासराएवढा झाला होता, शेवंतावहिनी त्याला मिठी मारून बसल्या होत्या, आणि ‘आमचा एक दत्ता’ इतका मूर्ख होता की त्यानं स्क्रू डोळे मिटून लावले होते. व्यापारी पोट धरून हसत होते.

तो दत्ता शेजारीच बाजेवर बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. व्यापाऱ्यांना ते माहीत नव्हतं. आम्हाला पाहून त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गोष्टीत लक्ष घातलं.

“...अन् तो पितळी स्क्रू असा भोकात घातला...” चाचा म्हणाले.

“पोलादी,” दत्तराव म्हणाले.

“काय?”

“पितळी न्हवता. पोलादी व्हता.”

चाचांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. “बरं, पोलादी,” ते म्हणाले, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.